गाण्यातल्या आशाबाई

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मालवणला माझ्या भाच्याने मोबाइलवर एक इंग्रजी गाणे लावले आणि विचारले, "मामा, ह्येच्यात आशाबाईंचा नाव कित्याक? आणि पंचेचाळीस काय?"

ते गाणे होते कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडचे १९९७ सालचे 'ब्रिमफुल ऑफ आशा'. त्यात लताबाई आणि रफीसाहेबही डोकावतात. डीजे नॉर्मन कुक यांनी त्याला नवे रूप दिल्यावर १९९८ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले.

पंचेचाळीसचे उत्तर माळ्यावरच्या ट्रंकेत होते. दमट हवेने पाकिटावर बुरशीचे ठिपके पडलेली, मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची तबकडी मी त्याच्या हातात ठेवली.

आशाबाईंचा उलगडा मात्र असा हातात ठेवता येईना. पडद्यावर ओठ नटीचे हलतात आणि आवाज मागे उभ्या असलेल्या गायिकेचा असतो, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे नवल वाटत नाही. त्या गाण्याला मात्र पडद्यामागच्या त्या आवाजाचेच अप्रूप आहे. शिवाय 'ब्रिमफुल' म्हणजे काठोकाठ. ब्रिटनमधल्या बहुतेक श्रोत्यांना 'आशा' हे केवळ परके नाव वाटले असेल, पण पंजाबी कुळातल्या गीतकाराने त्या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ मनात धरूनच तो योजला असावा, असे मला वाटते. मंगेशकर या आडनावातून आपल्या शेजारचे मंगेशी गाव ऐकू येते, तेही आपल्यालाच.

भाच्याची शंका संपली नव्हती. ज्यांचे नाव घातले त्यांना कोणी विचारतो का?

मला जो डिमॅजिओ आठवले. १९४१ मध्ये सलग ५६ सामन्यांत यशस्वी फटका मारणारे हे अमेरिकी बेसबॉलपटू १९६८ च्या 'मिसेस रॉबिन्सन' या गाण्यात आले, तेही 'कुठे गेलात?' अशा सवालासह. हे काही त्यांच्या पचनी पडेना. आपण कुठेच गेलो नाही, कॉफीयंत्राची जाहिरात तर नुकतीच केली, असे त्यांनी एका उपाहारगृहात भेटलेल्या गीतकार पॉल सायमन यांना बोलून दाखवले. खऱ्या नायकांचा दुष्काळ पडला आहे आणि तुमचे नाव त्या अर्थाने घेतले, असा खुलासा सायमन यांनी केला. डिमॅजिओ यांना तो पटला आणि त्यांनी आभारही मानले.