वेताळाची डायना आणि वाड्यातला हौद

नमस्कार श्रोतेहो. शाळांना सुट्ट्या लागल्यात, म्हणून विषयही सुट्टीतलाच घेतलाय: जुन्या कॉमिक्समधल्या पराक्रमी बायका. उडणाऱ्या, अदृश्य होणाऱ्या, गोळ्या परतवणाऱ्या. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि उठावं लागलं तरी काही चुकायला नको. या बायकांना शक्ती मिळाली, पण काम मिळालं नाही.

वंडर वुमनचंच घ्या. १९४१ सालच्या अखेरीस ती अमेरिकेत अवतरली. तिचा जनक विल्यम मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ. रक्तदाबावरून खोटं पकडायच्या खटाटोपातला माणूस. आपल्याकडे भित्र्याला ‘बांगड्या भर’ म्हणतात. ही बाई मनगटातल्या कंकणांवर बंदुकीच्या गोळ्या झेलायची. पण मेख अशी, की एखाद्या पुरुषाने त्याच कंकणांना साखळी जोडली की हिची ताकद गेली! आणि १९४२ मध्ये महावीरांच्या मंडळात, म्हणजे जस्टिस सोसायटीत, तिला घेतलं ते सेक्रेटरी म्हणून. बाकीचे लढाईवर, ही दप्तर सांभाळायला. आमच्या सोसायटीच्या सभेतही इतिवृत्त लिहायची वेळ आली की सगळ्यांच्या माना कुणाकडे वळतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पुढे १९५९ मध्ये सुपरगर्ल आली. सुपरमॅनची चुलत बहीण, ताकद त्याच्याइतकीच. त्याने काय केलं? तिला अनाथाश्रमात ठेवलं आणि शक्ती लपवायला सांगितलं. जगाला ती दिसली १९६२ साली. फँटॅस्टिक फोरमधली सू १९६१ ची. चौघांपैकी एकटी बाई, आणि शक्ती कोणती? दिसेनासं होण्याची! वाचकांनी पत्रं लिहिली, की ही चौथी काही कामाची नाही. त्यावर १९६३ च्या एका अंकात कथेतल्या नायकानेच, आपलं सारं यश आईमुळे म्हणणाऱ्या अब्राहम लिंकनच्या आईचा दाखला दिला. म्हणजे काम द्यायचं नाही, वर आईचा मोठेपणा सांगायचा. अदृश्य ढाल उभी करायची शक्ती तिला मिळाली १९६४ मध्ये.

पण हे सगळं आपल्याकडे फार नंतर पोचलं. आपल्या पिढीचा खरा ओढा इंद्रजालकडे. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झालं आणि मराठीतूनही निघायचं. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला मुखवटेवाला फँटम, जादूगार मँड्रेक, त्याचा जोडीदार लोथार. आणि वेताळाची डायना पामर. ही डायना ऑलिम्पिकमध्ये सूर मारणारी पट्टीची पोहणारी, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरीला. आणि गोष्टीत तिचं मुख्य काम? पळवून नेलं जाणं.

आता आमच्या वाड्यातली गोष्ट सांगतो.

सदाशिव पेठेत आमचा वाडा, मध्ये चौक, चौकात हौद. त्या काळी सुट्टीत मुलं घरीच असायची. शिबिरं, छंदवर्ग हे खूळ आमच्यापर्यंत अजून पोचलं नव्हतं, आणि मुलांचं त्यावाचून काही अडलंही नाही. आम्ही दुपारभर वेताळ वेताळ खेळायचो. वेताळ व्हायला सगळे तयार, समुद्री चाचे व्हायलाही तयार. डायना व्हायला माझी चुलत बहीण, ताई. कारण ती मुलगी. ताई म्हणायची, ‘मला लांडगा करा.’ वेताळाबरोबर तो लांडगा असायचा ना, तो. ‘लांडग्याला निदान चावायला तरी मिळतं.’ पण लांडगा आधीच ठरलेला असायचा.

तर त्या दुपारी आम्ही ताईला धुण्याच्या दोरीने ओसरीच्या खांबाला बांधलं. मोठे दोघं चाचे, मी लहान, म्हणून घोडा. वेताळ जिन्यावरून येऊन तिला सोडवणार, असं ठरलं होतं. तेवढ्यात बाहेर बर्फाचा गोळेवाला आला. वेताळ गेला, चाचे गेले, घोडाही गेला! कालाखट्टा की ऑरेंज यावर आमची भांडणं सुरू. आणि एकदम आतून धप्पकन आवाज.

धावत आलो तर खांबाला नुसती दोरी. ताई हौदात. गाठ तिची तिने सोडली होती, हौदाच्या कठड्यावर उभं राहून सूर मारला होता, आणि पाण्यातून डोकं वर काढून म्हणाली, ‘ती ऑलिम्पिकवाली आहे ना? मग ती तुमची वाट कशाला बघेल?’

आजी बाहेर आली. हौदाचं पाणी सोवळ्याचं. आता ताईची काही धडगत नाही, असं आम्हाला वाटलं. आजीने खांबाकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, आमच्या रंगलेल्या जिभांकडे पाहिलं. ‘पोरीला बांधलं कुणी?’ एवढंच विचारलं. मग वेताळ, दोन चाचे, लांडगा आणि घोडा यांनी संध्याकाळपर्यंत बादल्यांनी हौद उपसला. ताई केस पंचाने पुसत पायरीवर बसून इंद्रजालचा नवा अंक वाचत होती, जो आमच्यापैकी कुणी अजून उघडलाही नव्हता.

आता तो वाडा नाही. तिथे इमारत झालीय आणि गच्चीवर प्लास्टिकच्या काळ्या टाक्या. त्यात कोण सूर मारणार? असो.

तर शक्ती मिळाली, काम मिळालं नाही. ताकदीचं भांडण तिकडे बरंच चाललं. १९६८ मध्ये वंडर वुमनची शक्तीच काढून घेतली आणि तिला कपड्यांचं दुकान थाटून दिलं. १९७२ मध्ये तिकडच्या स्त्रीवादी मासिकाने, मिझने, तिला जुन्या वेषात मुखपृष्ठावर झळकवलं, आणि पुढच्या वर्षी तिची शक्ती परत आली.

वेताळपद बापाकडून मुलाकडे चालत येणारं. पण त्या घराण्यातही एक बाई वेताळ होऊन गेली, बरं का. सतरावा वेताळ जायबंदी झाला तेव्हा त्याच्या जुळ्या बहिणीने, ज्युलीने, त्याचा पोशाख चढवून त्याची जागा घेतली. तो बरा होईपर्यंत. हे मला फार उशिरा कळलं. लगेच ताईला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मग बरा झाल्यावर त्याला लांडगा का नाही केलं?’

आज इतकंच. नमस्कार.