टाकीतला डास नेमका कोण?

मुंबईतल्या जुन्या इमारतीची ही गच्ची. टाकीचं झाकण नीट बसलेलं नाही. आतलं पाणी स्वच्छ आहे आणि त्यात बारीक अळ्या पाण्याच्या पृष्ठभागालगत आडव्या पडून आहेत. आडव्या, म्हणजे अ‍ॅनोफिलीस डासाच्या. क्युलेक्स या दुसऱ्या डासाच्या असत्या तर डोकं खाली करून तिरक्या लटकल्या असत्या.

महापालिकेच्या कीटकनाशक विभागातल्या अनुभवी माणसाला इतकं नुसत्या डोळ्यांनी कळतं. पण अ‍ॅनोफिलीसमधला कोणता? मुंबईत हिवताप पसरवतो तो मुख्यतः अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी. हे नाव लिस्टन यांनी १९०१ मध्ये दिलं. नावात आधी प्रजाती (अ‍ॅनोफिलीस), मग जाती (स्टीफेन्सी), ही स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसची पद्धत. प्राण्यांसाठी तिची सुरुवात १७५८ पासून धरतात. स्टीफेन्सीच्या पायांवर पांढुरके ठिपके असतात, डबक्यांत वाढणाऱ्या अ‍ॅनोफिलीस सबपिक्टसच्या पायांवर ते नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ओळख पटते.

काही डास मात्र असे हाती लागत नाहीत. आपल्या गावाकडचा अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीज पाहा. वर्षानुवर्षं तो एकच मानला गेला. मग अभ्यासकांनी अर्धवट अंडी भरलेल्या मादीच्या अंडाशयातली गुणसूत्रं रंगवून पाहिली. तिथल्या पेशी विभागत नाहीत, पण गुणसूत्रांच्या प्रती निघत राहतात आणि एकमेकींना चिकटून जाड होतात. म्हणून त्यांच्यावरचे गडद-फिकट पट्टे स्पष्ट वाचता येतात.

काही माद्यांत एका तुकड्याचे पट्टे उलट क्रमाने होते. एका मादीत गुणसूत्रांच्या तीनच जोड्या, तरी फरक लपला नाही. खरा पुरावा पुढे आहे: दोन्ही प्रकार एकाच गावात राहतात, पण एक गुणसूत्र सुलट आणि जोडीचं उलट, अशी मिश्र मादी जवळजवळ मिळतच नाही. म्हणजे त्यांचा आपसात संकर होत नाही; त्या वेगळ्या जाती आहेत. १९८० मध्ये आधी ए आणि बी ओळखल्या गेल्या, पुढे सी, डी आणि ई. बी बहुतेक ठिकाणी हिवताप फारसा पसरवत नाही, ई मात्र चांगलाच पसरवतो. दोघांना एकच समजून फवारणी आखली, तर औषध आणि माणसांचे कष्ट भलत्याच डासावर खर्च होतात.

वर्गीकरणाचं हे काम मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. त्यासाठी लागणारी नजर तयार व्हायला वर्षं जातात. आणि ही गरज मुंबईपुरती नाही: २०१२ मध्ये हाच स्टीफेन्सी आफ्रिकेतल्या जिबूतीत सापडला, नंतर इथिओपियातही. तिथल्या शहरांतही तो साठवलेल्या पाण्यात वाढतो आहे.