रंग न चढलेल्या पेशी

मेणाची ही पट्टी जेमतेम ३-४ मायक्रॉन जाडीची. कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या हळूहळू उलगडतात. तंत्रज्ञ काच तिरकी बुडवते आणि पट्टी अलगद उचलून घेते. घाई झाली तर घडी पडते, आणि घडीत रंग साचतो.

या मेणात गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा आहे. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, बायोप्सी केली, कॅन्सर निघाला. तो पुढे कसा वागेल, हे पूर्वी मुख्यतः पेशींची ठेवण पाहूनच सांगत. १९८३ मध्ये कॅन्सरतज्ज्ञ बोखमन यांनी दोन प्रकार मांडले, इस्ट्रोजेनवर पोसणारा आणि त्याहून आक्रमक. २०१३ मध्ये कॅन्सरच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या टीसीजीए या अमेरिकी प्रकल्पाने जनुकांवरून चार गट दाखवले. त्यातले दोन, स्लाइडवर ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या रंगकामातून (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री) ओळखता येतात. आणखी एका गटाची खूण असलेल्या पोल (POLE) जनुकातल्या बदलाला मात्र जनुकाचीच तपासणी लागते.

फॉर्मालिनने प्रथिनं जखडून टाकलेली असतात. म्हणून स्लाइड आधी गरम द्रावणात ठेवायची. मग अँटिबॉडी. ती आपल्या प्रथिनालाच चिकटते, आणि चिकटली तिथे तपकिरी रंग उमटतो. बाकीची केंद्रकं निळी.

हे पी५३, पेशींची बेसुमार वाढ रोखणारं प्रथिन. ते धड असेल तर काही केंद्रकं गडद, काही फिकी, काही कोरी, अशी सरमिसळ दिसते. इथे सगळी एकजात गडद आहेत. जनुक बिघडलंय, प्रथिन साचून राहिलंय.

आता ही दुसरी गाठ. तपकिरीचा टिपूसही नाही. 'निगेटिव्ह, म्हणजे चांगलं' असं वाटण्याचा धोका इथेच असतो. पॅथॉलॉजिस्ट आधी गाठीशेजारच्या साध्या पेशी बघते. त्यांना रंग आलाय. म्हणजे रंगकाम बरोबर झालंय, गाठीतलं प्रथिनच नाहीसं झालंय. हेसुद्धा बिघडलेलं पी५३, आणि ही गाठही पहिलीइतकीच आक्रमक धरायची.

तिसऱ्या ट्रेमध्ये चार स्लाइड. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी ही प्रथिनं जोडीनं काम करतात. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ही जातं. बघा, या दोन काचांवर गाठ निळी आणि आजूबाजूच्या लिम्फोसाइट (निरोगी पांढऱ्या) पेशी तपकिरी.

दुरुस्ती बंद पडलेला कॅन्सर पसरला किंवा उलटला, तर इम्युनोथेरपीचा उपयोग होऊ शकतो. काहींमध्ये मूळ लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषात असतं, मग बहीण-मुलांचीही तपासणी करावी लागते. पी५३ बिघडलेलं असेल तर शस्त्रक्रियेनंतर रेडिएशनच्या जोडीला केमोथेरपीचा विचार होतो. २०२३ पासून फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्टेजिंगमध्येही (कॅन्सरचा टप्पा ठरवण्याच्या पद्धतीत) या माहितीला जागा आहे.

हे सगळं पहिल्या बायोप्सीवरच करता येतं. तुकडा लहान असतो, फॉर्मालिन त्यात लवकर मुरतं, म्हणून रंगही स्वच्छ येतो. इथे तसंच झालं. पी५३ आणि दुरुस्तीची चार, अशा पाचही मार्करचा हा रिपोर्ट. शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे.