ट्रान्सममध्ये मुरणारं पाणी

मंडळी, इथे मिनेसोटात बोट घेतली की पाठोपाठ फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र येतं, आणि मग एका रविवारी माणूस ड्रिल घेऊन बोटीच्या मागे उभा राहतो. त्या रविवारबद्दल मला बोलायचं आहे.

माझी पहिली बोट १६ फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने ट्रान्सड्यूसरची, म्हणजे फिशफाइंडरच्या पाण्यात आवाजाची लहर सोडणाऱ्या भागाची, जागा तीनदा बदलली होती आणि जुनी भोकं बाथरूमच्या सिलिकॉनने बुजवली होती. बोटीची मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम. पुष्कळ बोटींत तिच्या आत प्लायवूड असतं, इंजिनाचा भार त्यावरच असतो. मी एका भोकात स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि ते चहात बुडवलेल्या बिस्किटात जावं तसं आत गेलं. तळाशी साचलेलं पाणी पंप बाहेर फेकतो. लाकडात मुरलेलं पाणी त्याला दिसतच नाही, खरी भीती त्याची.

म्हणून माझा आग्रह असतो की आधी एक प्लास्टिकची जाड फळी बसवा. तिचे स्क्रू ट्रान्सममध्ये जातील ते पाण्याच्या रेघेच्या वर. ट्रान्सड्यूसर त्या फळीवर लावा, फळीच्या जाडीपेक्षा आखूड स्क्रूंनी. पुढे जागा बदलावीशी वाटली, आणि ती वाटतेच, तर भोकं फळीला पडतात, बोटीला नाही. मात्र पॉलिथिलीनच्या (एका प्रकारच्या प्लास्टिकच्या) फळीला सीलंट, म्हणजे भोकं-फटी बुजवायचा चिकट लेप, नीट चिकटत नाही. फळीच्या मागे सीलंट फासून निर्धास्त राहू नका. पाणी अडवायचं ते प्रत्येक भोकापाशी.

भोक पाडल्यावर कडेची कीस काढा, आसपासचा पत्रा घासून अल्कोहोलने पुसा. मरीन पॉलियुरेथेन सीलंट आधी भोकात भरा, मग स्क्रूच्या आट्यांना लावा, डोक्याखाली एक कडं करा. स्क्रू पिळताना सीलंट चारही बाजूंनी बाहेर आलं पाहिजे. एका बाजूने आलं नाही तर स्क्रू काढा, पुन्हा भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल अ‍ॅल्युमिनियम खातं. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, पितळेचे नकोत. पाण्यात पितळ शेजारी असलं की झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम.

जागेचं थोडक्यात सांगतो. एका पंख्याचं इंजिन असेल तर साधारणपणे उजवी बाजू, पंख्यापासून किमान १५ इंच लांब, रिव्हेटच्या रांगेमागे नको. गार्मिनच्या सूचनेप्रमाणे अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत ट्रान्सड्यूसर तळापेक्षा सुमारे १० मिलिमीटर खाली हवा, फायबरच्या बोटीत ३. पत्र्याच्या तळाखालून बुडबुडे जास्त येतात, आणि बुडबुड्यांतून आवाजाची लहर धड जात नाही. केबल ट्रान्समच्या वरून आत घ्या, तिच्यासाठी वेगळं भोक कशाला?

जुनी भोकं असतील तर लाकूड पूर्ण वाळू द्या, मग मरीन इपॉक्सीने भरा. सीलंट सावकाश वाळतं, काहींना आठवडा लागतो. मे महिन्यात वॉलाय या माशाच्या मासेमारीचा हंगाम उघडतो तेव्हा हा आठवडा कुणालाच परवडत नाही, म्हणून हे काम एप्रिलमध्येच उरका. ट्रेलरवर बोटीचं नाक वर करा, तळाचं बूच लावा, मागच्या बाजूला आतून दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि बुजवलेल्या भोकांवर बाहेरून खडू फिरवा. तासाभराने खडू जिथे ओला होईल, तिथे पुन्हा इपॉक्सी भरायचं.