दीड दशांशाचं अंतर

(पडद्यावर: रिओ ऑलिंपिक, १४ ऑगस्ट २०१६. महिला जिम्नॅस्टिक्समधल्या व्हॉल्ट या उडीच्या प्रकाराची अंतिम फेरी.)

२५ मीटरची धावपट्टी. तिच्या टोकाला स्प्रिंगबोर्ड, पुढे १२५ सेंटिमीटर उंचीचं टेबल आणि टेबलापलीकडे गाद्या. आगरतळ्याची दीपा कर्माकर दुसऱ्या उडीसाठी धावत सुटते. दोन्ही तळहात टेबलावर आपटतात, शरीर वर फेकलं जातं आणि हवेत पुढच्या दिशेने सलग दोन कोलांटउड्या होतात. पाय टेकतात, गुडघे पूर्ण दुमडतात, बैठक गादीला लागणार असं वाटतं. ती लागत नाही. दीपा उठून ताठ उभी राहते.

या उडीचं नाव प्रोदुनोवा. तिला १५.२६६ गुण मिळाले, दीपाच्या पहिल्या उडीला १४.८६६. सरासरी १५.०६६. स्वित्झर्लंडच्या जिउलिया स्टाइनग्रुबरचे १५.२१६. कांस्यपदक तिला, दीपा चौथी. मधलं अंतर फक्त दीड दशांशाचं.

(पडद्यावर: परीक्षकांची रांग, समोर छोटे पडदे.)

दहापैकी दहा गुणांची जुनी पद्धत २००६ साली गेली. आता प्रत्येक कसरतीला दोन आकडे मिळतात आणि त्यांची बेरीज म्हणजे गुण. डी स्कोअर म्हणजे कसरत किती अवघड. व्हॉल्टमध्ये प्रत्येक उडीची किंमत नियमावलीत आधीच ठरलेली असते. रिओच्या वेळी प्रोदुनोवाची किंमत ७.० होती. दीपाची पहिली उडी त्सुकाहारा जातीची, म्हणजे टेबलावर वळत जाऊन मागच्या दिशेने कोलांटी घेण्याची, दोन पूर्ण गिरक्यांसह. तिची किंमत ६.०.

ई स्कोअर म्हणजे कसरत किती नेटकी. तो दहापासून सुरू होतो आणि खालीच उतरतो. हा आकडा देणारे परीक्षक वेगळे असतात. प्रत्येक जण स्वतंत्रपणे वजाबाकी करतो. टोकाचे आकडे बाजूला काढतात आणि मधल्यांची सरासरी घेतात. छोट्या चुकीला ०.१, मध्यम चुकीला ०.३, मोठ्या चुकीला ०.५ आणि पडल्यास पूर्ण १.०.

आता तीच उडी सावकाश बघा. टेबलावर हात टेकताना खांद्यात कोन पडला का? हवेत गुडघे फाकले का? पुरेशी उंची मिळाली का? उतरल्यावर पाय किती सरकला? लहान पाऊल म्हणजे ०.१, लांब पाऊल म्हणजे ०.३. खोल बैठकीत उतरलं तर ०.५. बैठक गादीला टेकली, किंवा एका हाताचा जरी आधार घेतला, तर ते पडणंच. तिथे १.० जातो. ई परीक्षकांना हे सगळं एकदाच दिसतं, चालू वेगात, डोळ्याची पापणी लवेपर्यंत.

दीपाचा ई स्कोअर पहिल्या उडीत ८.८६६ होता, प्रोदुनोवात ८.२६६. म्हणजे नेटकेपणात सहा दशांश गेले, पण अवघडपणात एक पूर्ण गुण वाढला. गुडघे पूर्ण दुमडूनही हिशेब चार दशांशांनी फायद्याचाच राहिला. जोखीम कुठून जन्माला येते ते या बेरजेत दिसतं. खेळाडूला दोष देण्याआधी ही बेरीज बघायला हवी. पुढच्या नियमावलीत, २०१७ पासून, प्रोदुनोवाची किंमत ६.४ वर आणली गेली.

(पडद्यावर: गुडघ्याचं रेखाचित्र.)

मागे फिरणाऱ्या कोलांटउडीत पाय टेकण्याआधी जमीन नजरेला पडते. पुढे फिरताना ती शेवटपर्यंत दिसत नाही, त्यामुळे गुडघे कधी उघडायचे हे अंदाजानेच ठरवावं लागतं. शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार क्षणभरात घोटा, गुडघा आणि कंबरेवर येतो.

गुडघ्याच्या आत एसीएल नावाचं लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, असतं. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि गुडघ्याला पीळ बसू न देणं हे त्याचं काम. गिरकी पाव फेऱ्याने अपुरी राहिली की पाऊल गादीत रुततं आणि वरचं शरीर फिरतच राहतं. तो उरलेला पाव फेरा गुडघा सोसतो. तीच अपुरी गिरकी परीक्षकालाही दिसते. पाव फेरा किंवा त्याहून जास्त कमी पडला तर डी परीक्षक ती कसरत खालच्या किमतीची धरू शकतात. गुण जातात त्याच जागी लिगामेंट फाटण्याचाही धोका असतो.

२०१७ मध्ये सरावात दीपाच्या गुडघ्याचं एसीएल दुखावलं. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. जुलै २०१८ मध्ये तुर्कस्तानातल्या मेर्सिनला वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये तिने व्हॉल्टचं सुवर्ण जिंकलं, १४.१५० गुणांनी. तिथे तिने प्रोदुनोवा मारली नाही. पुढच्याच महिन्यात जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत गुडघा पुन्हा दुखावला. तिने सांघिक अंतिम फेरी सोडली आणि बीमवर, म्हणजे तोल सांभाळण्याच्या अरुंद पट्टीवर, पाचवी आली.

(पडद्यावर: बीम, १० सेंटिमीटर रुंद.)

परीक्षकाला दुखणं दिसत नाही. त्याला दिसतो पायाचा न ताणलेला अंगठा, वाकलेला गुडघा, बीमवरचा डगमगाट. दुखापतीला सवलत नाही. घोट्याला पट्टी बांधता येते, पण ती शक्यतो त्वचेच्या रंगाची हवी, आणि त्या पट्टीमुळे टाच पुरेशी उचलली गेली नाही तर ०.१ जातो. बीमवरून पडल्यास पुन्हा चढायला १० सेकंद, बार्सवर (दोन आडव्या दांड्यांवर) ३०.

मग दुखऱ्या पायाची जिम्नॅस्ट आणि प्रशिक्षक काय करतात? फ्लोअर (जमिनीवरच्या चौकोनातला प्रकार) आणि बीमवर संपूर्ण सादरीकरणातल्या सर्वांत अवघड आठ कसरतीच मोजल्या जातात. अवघडपणानुसार त्यांचे गट असतात: ए गटाची कसरत ०.१ ची, सी गटाची ०.३ ची, ई गटाची ०.५ ची (या ई चा ई स्कोअरशी संबंध नाही). ई गटाची कसरत काढून सी गटाची घातली तर ०.२ कमी होतात. लँडिंगला दोनदा बारीक उडी बसली तरी तेवढेच जातात. दुखऱ्या घोट्यावर ती अवघड कसरत डळमळणारच असेल, तर सोपी करून नीट उतरणं हाच शहाणपणाचा सौदा.

पॅरिस ऑलिंपिक, २०२४. पात्रता फेरीत अमेरिकेच्या सिमोन बाइल्सची पोटरी दुखावली आणि पट्टी बांधून ती पुढे खेळली. फ्लोअरच्या अंतिम फेरीत तिचे दोन्ही पाय दोनदा रेषेबाहेर पडले. प्रत्येक वेळी ०.३ प्रमाणे एकूण ०.६ गेले. तिचे गुण १४.१३३. ब्राझीलच्या रेबेका आंद्रादेचे १४.१६६. एसीएलच्या तीन शस्त्रक्रियांनंतर आंद्रादे सुवर्णापर्यंत पोहोचली, ०.०३३ च्या फरकाने.

त्याच वर्षी मे महिन्यात ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. दीपा पुन्हा धावपट्टीच्या टोकाशी उभी होती. व्हॉल्टचे गुण १३.५६६ आणि या स्पर्धेतलं भारताचं पहिलं सुवर्ण. प्रोदुनोवा त्यातही नव्हती.