टाका वाचता आला, की नमुना दुसऱ्याला सांगता येतो

(जवळून दृश्य: टेबलावर पसरलेला, वरच्या बाजूला निमुळता झालेला विणलेला तुकडा)

नमस्कार. हा तुकडा मी क्रोशे शिकायला लागल्यावर पहिल्या काही दिवसांत विणला होता आणि अजूनही जपून ठेवला आहे. तो चौकोनी व्हायला हवा होता. तळाच्या ओळीत २० खांब आहेत आणि पाचव्या ओळीत १६ उरले आहेत. हातातून एकही टाका सुटलेला नाही, कुठे भोक नाही, दोरा तुटलेला नाही, तरीही प्रत्येक ओळीत एक खांब नाहीसा होत गेला. तो नेमका कुठे गेला हे शोधायला मला बरेच दिवस लागले, आणि ते सापडले त्या दिवसापासून मी खऱ्या अर्थाने क्रोशे शिकले असे मला वाटते.

आज टाके कसे घालायचे हे मी थोडक्यात सांगणार आहे. घातलेला टाका कसा वाचायचा, आणि तो वाचता आल्यावर आपले काम दुसऱ्या विणणाऱ्यापर्यंत नीट कसे पोहोचवायचे, यावर मात्र मी सावकाश बोलणार आहे, कारण शिकवताना नेमका हाच भाग बहुतेक वेळा घाईने उरकला जातो.

सुरुवात सरकगाठीने होते. सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन तो फासातून ओढला, की एक साखळी झाली. मोजताना सरकगाठ मोजायची नाही आणि सुईवर असलेला फासही मोजायचा नाही. मुका खांब घालताना सुई टाक्यात घालून दोरा ओढून घ्यायचा, सुईवर दोन फास होतात, आणि नव्या वेढ्याने ते दोन्ही एकदम काढायचे. खांबासाठी सुई टाक्यात घालण्याआधीच एक वेढा घ्यावा लागतो, त्यामुळे दोरा ओढल्यावर सुईवर तीन फास दिसतात आणि ते दोन-दोन करून दोनदा काढायचे असतात. तेच तीन फास एका दमात काढले तर अर्धा खांब होतो. आधी दोन वेढे घेतले तर चार फास होतात आणि खांब आणखी उंच होतो. क्रोशाचे बहुतेक सगळे टाके एवढ्याच हालचालींतून निघतात: किती वेढे घेतले, सुई कुठे घातली आणि किती फास एकदम काढले.

(जवळून दृश्य: खांबांची एक ओळ, सुईचे टोक एका टाक्याच्या माथ्यावर)

आता माथ्याकडे पाहा. प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर दोन दोऱ्यांचे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे एक तोंड असते. ही तोंडे ओळीने साखळीसारखी दिसतात. एक तोंड म्हणजे एक टाका. मोजायचे ते इथे, कारण खांबांच्या मधल्या फटी पाहून मोजले तर हमखास चूक होते. जाड, फिक्या रंगाच्या आणि गुळगुळीत दोऱ्यावर ही तोंडे स्पष्ट दिसतात, म्हणून शिकताना केसाळ किंवा काळी लोकर घेऊ नये, असा माझा आग्रह आहे. ती सुंदर असते, पण तिच्यावर टाका वाचता येत नाही.

माझे खांब कुठे गेले, ते आता सांगते. नवी ओळ सुरू करताना टाक्याच्या उंचीएवढ्या साखळ्या घालाव्या लागतात: मुक्या खांबासाठी १, अर्ध्या खांबासाठी २, खांबासाठी ३. खांबाच्या ओळीत या ३ साखळ्यांना सहसा पहिला खांब मानतात. म्हणून २० खांब हवे असतील तर २२ साखळ्या घालून सुईपासून चौथ्या साखळीत पहिला प्रत्यक्ष खांब घालायचा. सोडलेल्या ३ साखळ्यांचा एक आणि पुढचे १९, असे २० होतात. काम उलटून दुसऱ्या ओळीच्या शेवटी आले, की समोर जे दिसते ते खांबासारखे दिसत नाही. ती मागच्या ओळीतली ३ साखळ्यांची बारीक, थोडी वाकलेली दांडी असते. मी ती कड समजून प्रत्येक वेळी सोडून देत होते, आणि प्रत्येक ओळीत एक खांब कमी होत होता. काम उलटत असल्यामुळे तो एकदा उजवीकडून तर एकदा डावीकडून जात होता, म्हणून तुकडा दोन्ही बाजूंनी सारखाच निमुळता झाला. त्या दांडीच्या सगळ्यात वरच्या साखळीत सुई घालून शेवटचा खांब घातला की कड सरळ राहते. याच्या उलट, ३ साखळ्या पहिला खांब म्हणून धरल्या आणि त्यांच्याच पायाच्या टाक्यात आणखी एक खांब घातला, तर तुकडा रुंद होत जातो.

चूक सापडली तर उसवावे. उसवण्याबद्दल वाईट वाटून घेऊ नये. सुईवर एका वेळी सहसा एकच टाका जिवंत असतो, त्यामुळे दोरा ओढून हव्या त्या ठिकाणी थांबता येते, आणि ही क्रोशाची मोठी सोय आहे.

गोल विणताना हीच मोजणी वेगळ्या रूपात भेटते. मुक्या खांबांचे सपाट वर्तुळ हवे असेल तर पहिल्या फेरीत ६, दुसरीत १२, तिसरीत १८, चौथीत २४, म्हणजे दर फेरीला ६ टाके वाढवायचे. वाढ कमी पडली तर वर्तुळाची वाटी होते. अमिगुरुमी या जपानी पद्धतीची खेळणी विणणारे हीच गोष्ट मुद्दाम करतात, आणि त्यातून चेंडू, डोकी, पोटे तयार होतात. वाढ जास्त झाली तर कडेला झालर पडते. या झालरीची एक हकीकत मला फार प्रिय आहे. लाटवियात जन्मलेल्या गणितज्ञ डाइना ताइमिन्या यांनी १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात शिकवण्यासाठी अपास्तीय (हायपरबोलिक) प्रतलाची, म्हणजे कडेकडे झालरीसारख्या पसरत जाणाऱ्या पृष्ठभागाची, प्रतिकृती क्रोशाने विणली. कागदाच्या प्रतिकृती फाटत असत. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा आणि ते प्रमाण शेवटपर्यंत बदलायचे नाही, एवढ्या एका नियमाने विद्यार्थ्यांना हातात धरून दुमडून पाहता येईल असे प्रतल तयार झाले. पुढे २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी त्याच नियमातून प्रवाळाचे आकार विणायला घेतले, आणि जगभरातल्या हजारो विणणाऱ्यांनी त्यात आपापले प्रवाळ जोडले. नियम एका ओळीत सांगण्याइतका स्पष्ट होता, म्हणूनच एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांचे काम एका ठिकाणी नांदू शकले.

आपले काम दुसऱ्याला दाखवण्याविषयीही माझे म्हणणे हेच आहे. फोटो पाहून माणूस आनंदित होतो, पण फोटोवरून त्याला ती वस्तू विणता येत नाही.

एकदा एका मैत्रिणीला मी शालीचा नमुना लिहून दिला. त्यात ओळीला ‘डबल क्रोशे’ एवढेच लिहिले होते. मी अमेरिकन पद्धतीने लिहिले होते, म्हणजे माझ्या मनात आपला खांब होता. ती ब्रिटिश पद्धतीचे नमुने वापरून शिकलेली होती, आणि त्या पद्धतीत डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, तर खांबाला ट्रेबल म्हणतात. तिने सगळ्या ओळी प्रामाणिकपणे, एकही न चुकता विणल्या आणि तिची शाल निम्म्याहूनही कमी लांबीची झाली. चूक सर्वस्वी माझ्या लिहिण्याची होती. तेव्हापासून नमुन्याच्या पहिल्याच ओळीत मी पद्धत लिहिते. आपण एखादा नमुना वाचत असाल आणि त्यावर पद्धत लिहिलेली नसेल, तर त्यात ‘सिंगल क्रोशे’ हे शब्द आहेत का ते शोधा. असतील तर तो अमेरिकन आहे, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत या नावाचा टाका नाही.

पद्धतीच्या बरोबरीने सुईचे माप मिलिमीटरमध्ये लिहावे, कारण सुईवरची अक्षरे आणि क्रमांक सगळीकडे एकाच मापाचे नसतात. दोरा सुती आहे की लोकरीचा, किती जाड आहे आणि किती ग्रॅम लागला, हे लिहावे. ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्या टाका म्हणून धरल्या आहेत की नाहीत, हे न विसरता लिहावे, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी टाक्यांची संख्या द्यावी. ही संख्या वाचली असती तर माझा तो पहिला तुकडा दुसऱ्याच ओळीत सुधारला असता.

यानंतर हाताचा ताण येतो. काहींचा हात घट्ट असतो, काहींचा सैल, आणि दोन्ही हात बरोबरच असतात. म्हणून आधी एक चौकोन विणून, तो धुऊन वाळवून, मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे. नमुन्यात १६ टाके सांगितले असतील तर ८० टाक्यांची रुंदी ५० सेंटिमीटर होते. आपल्या हातून १८ बसत असतील तर तीच रुंदी साधारण साडेचव्वेचाळीस सेंटिमीटर भरते, आणि अंगावर घालायच्या कपड्यात हा फरक सोसत नाही. अशा वेळी हात बदलू पाहू नये, अर्ध्या मिलिमीटरने मोठी सुई घ्यावी.

इतरांनी आपले काम दाखवले, तर ‘छान’ म्हणण्याआधी त्याची कड पाहावी. कोपरा कसा वळवला, जोड कुठे लपवला, हे विचारले तर समोरच्या माणसाला खरा आनंद होतो, असा माझा अनुभव आहे. दुसऱ्याच्या नमुन्यावरून विणले असेल तर मूळ रचनाकाराचे नाव द्यावे आणि विकत घेतलेला नमुना परस्पर कोणालाही पाठवू नये. फोटो दिवसाच्या उजेडात काढावा, आणि एक फोटो उलट्या बाजूचाही द्यावा, कारण टोके कशी गुंफली आहेत ते तिथेच कळते.

(जवळून दृश्य: नवा चौकोन, त्याच्या कोपऱ्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी)

हा आज सकाळी विणलेला चौकोन आहे. चिठ्ठीवर लिहिले आहे: सुती दोरा, सुई ४ मिलिमीटर, अमेरिकन पद्धत, २० खांब, १० ओळी, सुरुवातीच्या ३ साखळ्या म्हणजे एक खांब. त्या जुन्या तुकड्याशेजारी मी तो आता ठेवते, आणि दोन्हींच्या शेवटच्या ओळीचे टाके आपण एकत्र मोजू या.