तार जाते तिथे पॅनेल जातं

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावाखाली ‘स्वच्छ ऊर्जा धोरण सल्लागार, निसर्ग संवर्धन संस्था’ असं छापलंय. हे वाचून लोक हमखास विचारतात, तुम्ही सोलरवाल्यांच्या बाजूच्या की पक्ष्यांच्या? माझा पगार पक्ष्यांसाठी आणि माळरानांसाठी काम करणारी संस्था देते, आणि माझा बहुतेक दिवस विजेच्या कागदांत जातो. वीज नियामक आयोगापुढच्या याचिका, निविदांच्या अटी, पारेषण वाहिन्यांचे, म्हणजे वीज लांबवर नेणाऱ्या मोठ्या तारांचे आराखडे. संस्थेतले बाकीचे लोक पहाटे दुर्बीण घेऊन बाहेर पडतात, मी पीडीएफ उघडते. निसर्ग संस्थेला अशा माणसाची गरज का पडते, एवढंच आज सांगायचं आहे.

माळढोकापासून सुरुवात करू. आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला या पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, म्हणजे त्यात तालुकेच्या तालुके आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, लोक वैतागले, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेनं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर पक्षी जवळजवळ संपला होता. आज देशात जे माळढोक उरलेत ते दीडशेच्या आत आहेत, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या वाळवंटात.

या पक्ष्याची शरीररचना जरा समजून घ्या. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. उडणाऱ्या पक्ष्यांतला हा अगदी वजनदार गडी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. आजूबाजूचं, खालचं त्याला छान दिसतं, पण नाकासमोरचं फार कमी. उडताना तो खाली जमीन न्याहाळत असतो. समोर तार आली की ती दिसते अगदी जवळ गेल्यावर, आणि एवढं वजन ऐन वेळी वळवता येत नाही. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, त्यामुळे एक पक्षी गेला तरी ती जागा भरायला वर्षं जातात. भारतीय वन्यजीव संस्थेनं थरच्या वाळवंटातल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या भागाचा अभ्यास केला, तेव्हा तिथे तारांमुळे वर्षाला ८४ हजारांच्या आसपास पक्षी मरत असावेत असा अंदाज निघाला. त्यात माळढोक मोजकेच, बाकी सगळ्या जातींचे.

आता प्रश्न असा, की एवढ्या तारा तिथे आल्या कशा? ऊन भरपूर आणि जमीन स्वस्त, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच.

तुमच्या महावितरणच्या बिलावर ‘वहन आकार’ अशी एक ओळ असते. वीज तुमच्यापर्यंत वाहून आणल्याचे ते पैसे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वीज न्यायची तर त्यालाही असंच शुल्क असतं, आंतरराज्य पारेषण शुल्क. केंद्र सरकारनं २०१६ च्या सुमारास सौर आणि पवन विजेला हे शुल्क माफ केलं. माफीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली, ती ३० जून २०२५ पर्यंत पूर्ण होणाऱ्या प्रकल्पांना पूर्ण मिळाली आणि तिथून पुढे दरवर्षी टप्प्याटप्प्यानं कमी होते आहे. नवा उद्योग उभा राहावा म्हणून दिलेली सवलत, हेतूबद्दल तक्रार नाही. पण परिणाम बघा. पुण्याजवळच्या एखाद्या कारखान्याला जैसलमेरची वीज आणि शेजारच्या तालुक्यातली वीज यांत वाहतुकीच्या खर्चाचा फरकच उरला नाही. मग जिथे ऊन सगळ्यात कडक तिथेच सगळे धावले. त्यांच्यासाठी चारशे आणि सातशे पासष्ट केव्हीच्या, म्हणजे अति उच्च दाबाच्या वाहिन्या आखल्या गेल्या, प्रकल्पांची वीज त्यांत घेणारी मोठी उपकेंद्रं झाली, आणि उपकेंद्र झालं म्हणून आणखी प्रकल्प आले. यात तिथल्या ओरणांतूनही तारा गेल्या. ओरण म्हणजे आपल्या देवराईसारखी राखलेली जमीन, पण झाडी कमी आणि गवत जास्त. उंट आणि मेंढ्या चारणाऱ्यांचा तो आधार.

म्हणजे माळढोकाचं मरण एका दरपत्रकाच्या तळटिपेत होतं. ती टीप निघाली तेव्हा पक्ष्यांच्या बाजूनं कोणी हरकत घेतल्याचं माझ्या वाचनात नाही. आमच्या क्षेत्रातले लोक ती टीप वाचतच नव्हते.

पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. याचिकाकर्ते एम. के. रणजितसिंह, म्हणजे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा मसुदा करणारे सनदी अधिकारी. १९ एप्रिल २०२१ ला न्यायालयानं आदेश दिला, की माळढोकाच्या क्षेत्रात शक्य तिथे तारा जमिनीखालून न्याव्यात, बाकी ठिकाणी तारांना पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावाव्यात. हे क्षेत्र जवळपास ९९ हजार चौरस किलोमीटर भरत होतं. सरकार म्हणालं, इतक्या उच्च दाबाच्या तारा इतक्या लांब जमिनीखालून नेणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, आणि त्यापायी हवामानाची उद्दिष्टं अडतील. २१ मार्च २०२४ ला न्यायालयानं सरसकट आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञ समिती नेमली. याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क आहे, असंही म्हटलं. समितीच्या शिफारशी डिसेंबर २०२५ मध्ये मान्य झाल्या. त्यात प्राधान्याची क्षेत्रं नव्यानं आखलीत आणि तारांसाठी ठरावीक पट्टे सुचवलेत.

पट्टे आखणं हे काम दहा वर्षांपूर्वी, एकही टॉवर उभा राहण्याआधी, एका टेबलावर दोन नकाशे ठेवून करता आलं असतं. त्यात वकील लागला नसता. माझ्या कामाचं सूत्र विचाराल तर हेच: प्रकल्पाची जागा ठरते ती उपकेंद्रावरून, म्हणून उपकेंद्राची जागा ठरताना तिथे हजर राहायचं.

मला नेहमी सुचवलं जातं, की सौर प्रकल्पांनाही पर्यावरण मंजुरी लावा ना. २००६ च्या अधिसूचनेच्या यादीत सौर आणि पवन प्रकल्प नाहीत हे खरं. केंद्रीय प्रदूषण मंडळानंही ते ‘पांढऱ्या’ गटात टाकलेत, म्हणजे सगळ्यात निरुपद्रवी. धुराड्याच्या हिशेबानं ते बरोबरच आहे. पण मंजुरीच्या मार्गावर माझा फारसा भरवसा नाही. ती येते जमीन घेऊन झाल्यावर. अहवाल लिहिणारा सल्लागार प्रकल्पवाल्यानंच नेमलेला असतो, आणि मागच्या अहवालातली प्राण्यांची यादी पुढच्यात चिकटवलेली मी स्वतः पाहिली आहे. त्यापेक्षा निविदेतच ‘या पट्ट्यातली जमीन चालणार नाही’ अशी एक ओळ आली, तर विकासक दुसरी जमीन शोधतो. त्याला अमुकच माळ हवा असतो असं नाही, त्याला उपकेंद्रापासूनचं अंतर हवं असतं.

दुसरी सूचना येते ती थेट विरोधाची. नकोच हे प्रकल्प! असं म्हणणाऱ्यांना मी चंद्रपूरला जाऊन यायला सांगते. तिथलं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, भोवती कोळशाच्या खाणी, आणि वर ताडोबा. वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटा या खाणींमधून जातात. केंद्राच्या आवारातल्या झुडपांत वाघ-बिबटे वावरतात आणि तिथे माणसं दगावली आहेत. सौर प्रकल्प अडला म्हणून विजेची मागणी थांबत नाही. ती वीज कुठून तरी येतेच, आणि आपल्याकडे ते ‘कुठून तरी’ बहुतेक वेळा चंद्रपूरच्या दिशेला असतं.

पवनचक्क्यांचंही असंच, पण जरा वेगळं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर, पवनचक्क्या आहेत. तिथे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेलं काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी. ते कमी, म्हणून सड्यावरचे पंखे-गळ्याचे सरडे जास्त. इथवर कोणालाही अंदाज बांधता येईल. पुढचं मात्र मला अजूनही थक्क करतं. त्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी आढळलं. माणूस बराच जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. आणि नरांच्या गळ्याच्या पंख्याचे रंग फिके पडले होते. सरड्यांची दाटी झाली, खाणं वाटून घ्यावं लागलं, त्याचा तो परिणाम असावा. वर पातं फिरतंय आणि खाली सरड्याचा निळा-नारिंगी रंग उतरतोय. हे कुठल्या मंजुरीच्या तक्त्यात बसवणार?

आता आपल्या गावांकडे येऊ, कारण महाराष्ट्रात सध्या खरी हालचाल तिथे आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीला, जवळच्याच छोट्या सौर प्रकल्पातून वीज द्यायची, म्हणजे पंप दिवसा चालतील. मी या योजनेच्या बाजूची आहे आणि त्यामागे वन्यजीवांचंही कारण आहे. शेतीला वीज पाळीपाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्री लाइट आली की माणूस बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला जातो. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे त्याच उसात बिबट्याची मादी पिल्लं घेऊन बसलेली असते. तिकडचे शेतकरी दिवसा वीज मागतात ती या भीतीपोटी. पिंजरे आणि जनजागृतीवर जितका खर्च होतो, त्यातला थोडा विचार फीडरच्या वेळापत्रकावर झाला तर बरं, असं मी वन विभागाच्या बैठकीत म्हणते. तिथे ते ऊर्जा खात्याचं काम वाटतं. ऊर्जा खात्यात बिबट्याचं नाव काढलं की हसतात.

पण याच योजनेत गायरानं जातात. पाच मेगावॅटला वीस-पंचवीस एकर जमीन लागते. खासगी शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्यानं मिळते, मग हिशेब करणारा आधी गायरानाकडेच बघणार. सातबाऱ्यावर ती जमीन पडीक दिसते. प्रत्यक्षात तिथे पावसाळ्यानंतर धनगरांचा वाडा उतरतो, लांडग्यांची विण असते, तितर-लावे असतात. भोवती तारेचं कुंपण पडलं की मेंढरांची वाट बंद, आणि लांडग्याचीही. ग्रामपंचायतीला योजनेतून वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षं मिळतात. मेंढपाळाला काय मिळतं? तो त्या गावचा रहिवासी नसतो, ग्रामसभेत त्याला मत नसतं.

इथे आमचं म्हणणं साधं आहे. योजनेत उपकेंद्रापासून पाच ते दहा किलोमीटरची अट आहे. त्या वर्तुळात क्षारपड जमीन किती, बंद खाणी किती, कालव्याकडेची मोकळी सरकारी जागा किती, हे आधी मोजा. गायरान घ्यायचंच झालं तर सलग कुंपणाऐवजी मधून वाट सोडा, आणि मेंढपाळांशी ते गावात असतात त्या महिन्यांत बोला, मे महिन्यात नव्हे.

शेवटी पैशांचं. तारांना चकत्या लावायच्या, वाहिनी दहा किलोमीटर वळवून न्यायची, तर खर्च येतो, आणि तो नियामक आयोगानं मान्य केला तरच वीजदरात धरता येतो. दरवाढीच्या याचिकांवर कोणीही हरकती-सूचना पाठवू शकतं, जाहीर सुनावणीत उभं राहून बोलू शकतं. मीही बोलते. माझ्या आधी ग्राहक संघटनेचे कार्यकर्ते पोटतिडकीनं सांगून गेलेले असतात, की एक पैसाही वाढवू नका. मग मी उभी राहते आणि एक खर्च वाढवायला सांगते. ते माझ्याकडे डोळे वटारून बघतात. त्यांचा राग मला कळतो, कारण ते ज्या घरांसाठी भांडतात त्यांत मेंढपाळाचंही घर आहे. हा भार घरगुती ग्राहकावर न टाकता ज्या मोठ्या उद्योगांनी पारेषण शुल्काची माफी इतकी वर्षं उपभोगली त्यांच्यावर टाकावा, असा मसुदा आम्ही आता एकत्र बसून करतो आहोत. दोन मुद्द्यांवर अजून एकमत नाही: किती वर्षांसाठी, आणि जुन्या करारांना तो लागू करायचा की फक्त नव्या. तुमच्यात कोणी वीज करारांत काम केलेलं असेल तर कार्यक्रमानंतर थांबा, मला तुमचं मत हवं आहे.